नडगीवरचे तपकिरी खवले: युरिया किती टक्के, कुठे आणि किती ग्रॅम?

मांजराकाठ

मुलगा, वय ७, वजन २१ किलो. दोन्ही नडग्यांवर तपकिरी, कडा सुटलेले चौकोनी खवले. मांड्या, पोट आणि हातांवर तेच, पण बारीक. दंडाच्या बाहेरच्या बाजूने बोट फिरवलं की काटे लागतात. खाज नावालाच. पावसाळ्यात जवळजवळ दिसत नाही, दिवाळीनंतर वाढायला लागतं आणि संक्रांतीपर्यंत नडगी आटलेल्या तळ्याच्या गाळासारखी तडकते. राहायला लातूरला. पाणी बोअरचं, साबणाला फेस येत नाही.

आतापर्यंत आंघोळीला डाळीचं पीठ आणि दोडक्याची घासणी चालू आहे, कारण आजींच्या मते हा मळ आहे आणि मळ घासल्यावर निघतो. घासल्यावर दोन दिवस बरं दिसतं, तिसऱ्या दिवशी दुप्पट. डॉक्टरांनी "इक्थिओसिस आहे, मॉइश्चरायझर लावत राहा" म्हणून युरिया २० टक्क्यांची ५० ग्रॅमची ट्यूब लिहून दिली. ती लावली की चरचरतं, मुलगा पळ काढतो.

युरिया नेमका किती टक्के हवा? ५० ग्रॅम किती दिवस पुरायला हवेत? मेडिकलवाला सहा टक्के सॅलिसिलिक आम्लाचं मलम देतोय, "आठ दिवसांत साफ होईल" म्हणतोय. घ्यावं का? रक्ततपासणीची गरज आहे का?

---

शृंगस्तर

घासणी आजपासून बंद. कारण कळलं की आजींनाही पटेल, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

कातडीची पेशी तळाशी जन्मते, वर सरकते, वाटेत केराटिन या चिवट प्रथिनाने भरत जाते, शेवटी केंद्रक टाकून चपटी, मेलेली होते आणि पृष्ठभागावरून गळते. तळापासून गळेपर्यंत साधारण चार आठवडे किंवा थोडे जास्त लागतात. या मेलेल्या पेशी एकमेकींना प्रथिनांच्या टाक्यांनी शिवलेल्या असतात. वर येईपर्यंत विकरं (एन्झाइम) ते टाके हळूहळू उसवतात आणि पेशी एकेकटी, डोळ्यांना न दिसता निघून जाते. इक्थिओसिसमध्ये टाके वेळेवर उसवत नाहीत. मग शेकडो पेशी शिवलेल्याच राहून पापुद्र्याने सुटतात आणि त्यालाच आपण खवला म्हणतो. मळाचा संबंध नाही. तपकिरी रंग साचलेल्या थराच्या जाडीचा आणि त्यात अडकलेल्या रंगद्रव्याचा.

घासणी टाके उसवत नाही, कापडच फाडते. वरचा थर ओरबाडला गेला की कातडीतून पाणी जास्त उडतं आणि तळाला "भिंत पडली, लवकर बांधा" असा निरोप जातो. तिसऱ्या दिवशीची दुप्पट खवली ही त्या निरोपाची पावती आहे. उसवणाऱ्या विकरांना काम करायला पाणी लागतं, म्हणून पावसाळ्यात बरं आणि पौषात वाईट. उपचार सगळा एवढाच: थरात पाणी भरायचं, ते अडवून धरायचं आणि टाके सैल करायचे.

लातुरात टब कुणाकडे नसतो, बादलीवर असं करा. पंचा कोमट पाण्यात भिजवून, किंचित पिळून दोन्ही पायांना १० मिनिटं गुंडाळून ठेवा, मध्येच गार झाला तर पुन्हा बुडवा. कडक पाणी नको, ते थरातली चरबी धुऊन नेतं. साबणाऐवजी सिंडेट वडी (साबणासारखी दिसणारी, पण साबण नसलेली) घ्या, वेष्टनावर पीएच ५.५ लिहिलेलं असतं. साध्या साबणाचा पीएच ९ ते १० असतो आणि बोअरच्या पाण्यातल्या कॅल्शियमशी मिळून त्याचा चिकट पांढरा साका होतो. बादलीच्या काठावर बसणारा तोच साका पोरग्याच्या नडगीवरही बसतो. सिंडेटचा साका होत नाही. डाळीचं पीठही नको, ते कोरडं करतं आणि चोळावं लागतं.

मग टॉवेलने टिपायचं, पुसायचं नाही, आणि कातडी ओलसर असतानाच, तीन मिनिटांच्या आत क्रीम. पाच मिनिटं उशीर झाला तर पंच्याने मुरवलेलं पाणी उडून गेलेलं असतं.

युरियाचं गणित टक्क्यांवर फिरतं. ५ ते १० टक्के युरिया पाणी ओढून धरतो. २० आणि त्यापुढे तो केराटिनची बांधणीच सैल करतो, म्हणजे खवले काढतो. ४० टक्के टाचा, तळवे आणि जाड नखांसाठी, मुलाच्या अंगाला नाही. तुमच्याकडे २० टक्के थेट घासलेल्या, भेगाळलेल्या कातडीवर गेला, चरचरणारच. पहिले पाच-सात दिवस नुसतं पांढरं पेट्रोलियम जेली दिवसातून तीनदा. भेगा मिटल्या की सगळ्या अंगाला १० टक्के, दोन वेळा. त्यानंतर आठवड्याने फक्त नडग्यांना रात्री २० टक्के, एक दिवसाआड सुरू करून सोसलं तर रोज. चेहऱ्याला युरिया नको.

आता ग्रॅम. मोठ्या माणसाच्या तर्जनीच्या टोकापासून पहिल्या पेरापर्यंत ट्यूबमधून पिळलेली रेघ म्हणजे अर्धा ग्रॅम. ६ ते १० वर्षांच्या मुलाला एका हाताला अशा अडीच रेघा, एका पायाला साडेचार, छाती-पोटाला साडेतीन, पाठीला पाच, तोंड-मानेला दोन. बेरीज साडेचोवीस रेघा, म्हणजे एका वेळेला सुमारे १२ ग्रॅम. दोन वेळा म्हणजे दिवसाला २४. तुमची ५० ग्रॅमची ट्यूब दोन दिवसांची आहे. ती महिनाभर पुरली असेल तर औषध लागलं नाही असं नाही, औषध पोचलंच नाही.

दंडावरचे काटे म्हणजे केराटोसिस पिलॅरिस, केसाच्या मुळाच्या तोंडाशी केराटिनचं बूच. ते आणि खवले एकत्र म्हटल्यावर मला हा साधा प्रकार, इक्थिओसिस व्हल्गॅरिस वाटतो. त्यात फिलॅग्रिन नावाचं प्रथिन कमी पडतं. हे प्रथिन आधी केराटिनचे धागे आवळतं आणि नंतर स्वतः फुटून कातडीत पाणी धरणारे पदार्थ देतं. त्याच्या जनुकातला दोष २००६ मध्ये स्कॉटलंडच्या डंडी विद्यापीठातल्या अर्विन मॅक्लेन यांच्या गटाने शोधला. या प्रकाराला रक्ततपासणी लागत नाही.

---

खलबत्ता

सॅलिसिलिकचं आधी. १२ ग्रॅम मलमात सहा टक्के म्हणजे ०.७२ ग्रॅम. दोन वेळा लावलं तर दिवसाला १.४४ ग्रॅम, २१ किलोच्या मुलाला किलोमागे जवळजवळ ७० मिलिग्रॅम. हे सगळं शोषलं जात नाही, पण इक्थिओसिसची कातडी जाड दिसते तरी गळकी असते, आणि मुलांमध्ये वजनाच्या मानाने कातडीचं क्षेत्रफळ जास्त. रक्तात सॅलिसिलेट चढलं की कानात गुणगुण, मळमळ, धाप लागल्यासारखा जलद श्वास, मग गुंगी. अंगभर लावायचं हे औषधच नाही. दोन वर्षांखालच्या बाळाला तर अजिबात नको. मोठ्या माणसाच्या टाचेला, तळव्याला लावायला उत्तम. मेडिकलवाल्याचा "आठ दिवसांत साफ" हा हिशेब टाचेचा आहे.

युरिया झेपत नसेल तर १२ टक्के लॅक्टिक आम्लाचं लोशन, अमोनियाने उदासीन केलेलं, बाजारात अमोनियम लॅक्टेट नावाने मिळतं. काट्यांवरही ते चालतं, पण भेगांवर तेवढंच चरचरतं. युरिया आणि लॅक्टिक एकत्र असलेली क्रीमंही असतात. त्यात लॅक्टिक नुसतं औषध म्हणून नसतं. युरिया साठवणुकीत फुटून अमोनिया सुटतो आणि पीएच चढतो, लॅक्टिक तो खाली धरतं. ट्यूब उघडल्यावर मुतारीसारखा वास आला, की तारीख बाकी असली तरी फेकून द्या. उन्हाळ्यात गाडीत किंवा खिडकीत ठेवलेल्या ट्यूबचं हेच होतं.

दिवसाला २४ ग्रॅम ट्यूबमधून घेणं परवडणारं नाही. बरणीतलं साधं व्हाइट सॉफ्ट पॅराफिन (म्हणजे तीच पेट्रोलियम जेली) आणि लिक्विड पॅराफिन, समान वजनाने, डबल बॉयलरवर वितळवून गार होईपर्यंत ढवळत राहायचं, नाहीतर गुठळ्या होतात. सकाळी हे, रात्री युरियाचं. चमचा स्वच्छ हवा, बरणीत बोटं घालायची नाहीत, चिरलेल्या कातडीला जंतू लगेच चिकटतात.

आणि यातला धोका कुणी सांगत नाही. पॅराफिन कपड्यांत, उशीच्या अभ्र्यात मुरतं आणि वाळल्यावरही असं कापड साध्या कापडापेक्षा कितीतरी लवकर, भडकून पेटतं. धुतल्याने कमी होतं, पूर्ण जात नाही. तुमच्याकडे त्रास वाढतो दिवाळीत आणि फुलबाज्याही दिवाळीतच. मलम लावायचे कपडे वेगळे ठेवा. ते घालून गॅस, निरांजन, फटाके, शेकोटी यांच्याजवळ जायचं नाही.

---

करडई

दंडावरचे काटे म्हटलं आहे, ते कोपरांच्या आणि गुडघ्यांच्या बाहेरच्या बाजूलाही आहेत का, टोकदार, खिळ्याच्या डोक्यासारखे? तसे असतील तर फ्रायनोडर्मा बघा. ५ ते १५ वर्षांच्या कमी पोसलेल्या मुलांत दिसतो, आवश्यक मेदाम्लं, जीवनसत्त्व अ आणि ब गट कमी पडल्याने केसांच्या तोंडाशी बुचं बसतात. पारंपरिक वाणांच्या करडईच्या तेलात लिनोलेइक आम्ल हे आवश्यक मेदाम्ल सुमारे ७५ टक्के असतं. आपल्याकडे ते चटणीवर कच्चं घ्यायची पद्धत आहेच, मराठवाड्यात वेगळं सांगायला नको. पण खवल्यांना याने फरक पडणार नाही. जीवनसत्त्व अ च्या गोळ्या मनाने देऊ नका, ते शरीरात साठतं आणि विषारी होतं.

---

पापुद्रा

शृंगस्तर यांचं टाक्यांचं गणित पटलं, पण निदानावर घाई झाली असं वाटतं. मांजराकाठ, पाच गोष्टी बघून सांगा.

१. कोपराच्या आतली आणि गुडघ्यामागची घडी. साध्या प्रकारात ती हमखास सुटते, गुळगुळीत असते.
२. तळहात. साध्या प्रकारात रेषा खोल आणि संख्येने जास्त, म्हाताऱ्या माणसाच्या हातासारख्या.
३. मानेच्या बाजू आणि कानासमोरची जागा.
४. सुरुवात कधी झाली? जन्मतःच, पहिल्या दोन-तीन महिन्यांत की वर्षानंतर?
५. घरात आणखी कुणाला? आईकडचे आणि वडिलांकडचे वेगळे लिहा. बाळंतपण कसं झालं तेही.

पाचवा सगळ्यांत महत्त्वाचा.

---

मांजराकाठ

कोपराच्या घडीत थोडे खवले आहेत, गुडघ्यामागे नाहीत. तळहात अगदी साधे, माझ्यापेक्षा मऊ. मान: दोन्ही बाजूंना तपकिरी, मळ साचल्यासारखी, शाळेत त्यावरून बोलणं खाल्लंय. कानासमोरही. सुरुवात दोन महिन्यांच्या आसपास. माझ्याकडे कुणाला नाही. मेव्हण्याला, म्हणजे मुलाच्या मामाला, हुबेहूब हेच आहे. सासरे, सासूबाई, पत्नी यांना काही नाही. पत्नीची बहीण स्वच्छ. मुलाची धाकटी बहीण ४ वर्षांची, तिलाही काही नाही. बाळंतपणात ४१ आठवडे उलटले, कळांची औषधं देऊनही पुढे सरकेना, शेवटी सिझेरियन. कोपर-गुडघ्यावर खिळ्यांसारखं काही नाही.

---

पापुद्रा

मग साधा प्रकार नाही. मामा आणि भाचा, मधली आई निरोगी, मान मळकट, तळहात साधे, न सरकणारं बाळंतपण. हा एक्स गुणसूत्रातून येणारा इक्थिओसिस आहे असं जवळजवळ खात्रीने म्हणता येतं. दंडावरच्या काट्यांनी फसवलं. ते इतके सर्रास असतात की एकट्याने काहीच सिद्ध करत नाहीत.

यात स्टिरॉइड सल्फेटेज हे विकर नसतं. त्याचं कातडीतलं काम कोलेस्टेरॉल सल्फेटवरचा सल्फेट काढून टाकणं. ते झालं नाही की कोलेस्टेरॉल सल्फेट वरच्या थरात साचतं आणि टाके उसवणाऱ्या विकरांनाच दाबून ठेवतं. पेशींचं उत्पादन ठीक, गळणं अडलेलं. म्हणून सोरायसिसशी याची तुलना करू नका. तिथे पेशी तीन ते पाच दिवसांत धावत वर येते, सूज असते, खवला खरवडला की रक्ताचे ठिपके दिसतात. इथे सूज नाही, त्यामुळे स्टिरॉइड मलमाला करण्यासारखं काही नाही. कुणी दिलं तर घेऊ नका. अंगभर लावलेल्या स्टिरॉइडने कातडी पातळ होते आणि नायटा चिघळतो, बाकी काही नाही.

तेच विकर गर्भाच्या वारेतही लागतं. ते नसलं की वारेला एस्ट्रिऑल हे संप्रेरक बनवता येत नाही, गर्भाशयाचं तोंड वेळेवर मऊ पडत नाही आणि कळा पुढे जात नाहीत. बाळंतपण अडणं आणि खवले ही एकाच दोषाची दोन टोकं आहेत हे १९७८ मध्ये जुळलं, तोवर स्त्रीरोगवाले आणि त्वचावाले आपापल्या खोलीत दोन वेगळी कोडी सोडवत बसले होते.

रक्ततपासणी इथे उपयोगाची आहे. सुमारे ९० टक्के रुग्णांत जनुकाचा सबंध तुकडाच गायब असतो. साध्या कॅरियोटाइपमध्ये (सूक्ष्मदर्शकाखाली गुणसूत्रं बघण्याची तपासणी) तो दिसत नाही, क्रोमोझोमल मायक्रोअॅरे सांगा, ती गुणसूत्रांतले बारीक गहाळ तुकडेही पकडते. मायक्रोअॅरेने आणखी एक कळतं: तुकडा मोठा असेल तर शेजारची जनुकंही गेलेली असतात. मग वास न येणं, उंची खुंटणं, बौद्धिक अडचणी अशा गोष्टी सोबत येतात. तुमच्या मुलाला वास नीट येतो का, हे डोळे बांधून हिंग आणि कॉफी हुंगवून घरी बघता येतं, पण अहवाल येईपर्यंत त्यावर निष्कर्ष काढू नका.

आणखी तीन गोष्टी डॉक्टरांकडून बघून घ्या. दोन्ही वृषणं खाली उतरलेली आहेत का, या मुलांत न उतरण्याचं प्रमाण जास्त. डोळ्यांच्या डॉक्टरांकडे स्लिट लॅम्पखाली (डोळा मोठा करून दाखवणारं यंत्र) बुबुळावर बारीक धूसर ठिपके सापडू शकतात, नजरेला त्यांचा त्रास नाही, पण निदानाला दुजोरा मिळतो. आणि लक्ष न लागण्याची, अतिचंचलतेची तक्रार शाळेतून असेल तर ती मुलाचा हट्ट समजून सोडू नका, या आजारात ती नेहमीपेक्षा जास्त आढळते.

आता नात्यांचं. मुलाची आई वाहक आहे, म्हणजे दोष तिच्याकडे आहे पण तिला आजार नाही. तिच्या प्रत्येक मुलाला निम्मी शक्यता आजाराची, प्रत्येक मुलीला निम्मी शक्यता वाहक असण्याची. धाकट्या बहिणीला आणि मावशीला हे माहीत असायला हवं. कातडीसाठी नाही, त्यांच्या बाळंतपणासाठी. प्रसूतीच्या डॉक्टरांना आधी सांगितलेलं असलं की ४१ आठवड्यांनंतर वाट बघत बसण्याची वेळ येत नाही. मामाच्या मुलांना आजार नाही, पण मामाच्या सगळ्या मुली वाहक, एकही सुटत नाही.

आणि ज्या घरांत मामाची मुलगी करायची पद्धत आहे तिथे हे आजच लिहून ठेवा. आजारी मुलगा आणि वाहक मामेबहीण यांच्या मुलांपैकी निम्मे आजारी आणि मुलींपैकीही निम्म्या आजारी. एरवी मुलींना हा आजार जवळजवळ होतच नाही, तो या एका दारातून होतो.

---

शृंगस्तर

मान्य. निदान मागे घेतो, मलमांचं वेळापत्रक तेच राहतं, दोन बदलांनी. मानेला १० टक्के युरिया किंवा पाच टक्के लॅक्टिक, रात्री एकदाच. ती कातडी पातळ असते, तिथे २० टक्के नको. आणि नडग्यांवर लॅक्टिकचा भर ठेवा, या प्रकारात आम्लं बरी चालतात. मानेला फरक दिसायला तीन-चार आठवडे लागतात. फोटो काढून ठेवा, त्याच खिडकीत, त्याच वेळी. रोज बघणाऱ्या डोळ्यांना फरक कळत नाही आणि चौथ्या दिवशी "काही होत नाही" म्हणून ट्यूब कपाटात जाते.

खवले गेले म्हणून बंद करू नका. बंद केल्यावर दोन आठवड्यांत परत येतात. पावसाळ्यात एक वेळ चालेल, बंद नाही.

पोटात घ्यायची रेटिनॉइड औषधं (जीवनसत्त्व अ च्या जातीची) या मुलाला नकोत. ती जन्मतः पातळ पारदर्शक पापुद्र्यात गुंडाळलेली बाळं असतात तसल्या तीव्र प्रकारांसाठी. त्यांतलं असिट्रेटिन तर बाई गरोदर राहू शकत असेल तिथे फार जपून: थांबवल्यावरही तीन वर्षं गर्भधारणा चालत नाही.

---

भिरंडेल

तेलांविषयी कुणी लिहिलं नाही म्हणून. कोकणात-गोव्यात पायांच्या भेगांना कोकमाचं तेल लावतात. बियांमधून काढलेला घट्ट पांढरट गोळा असतो, ३८ ते ४० अंशांना वितळतो, म्हणून दिव्यावर किंवा गरम पळीवर धरून भेगेत थेंब सोडतात. भेग बुजते, पाणी उडणं थांबतं, चालताना ताण कमी पडतो. पण टाके ते उसवत नाही, त्यामुळे जाड टाचेला आधी २०-४० टक्के युरिया चार-पाच रात्री आणि मग हे. आधी हे लावलं तर युरिया आत जात नाही. राळेच्या मलमाचंही तेच.

मुलाच्या अंगाला खोबरेल ठीक, ओल्या कातडीवर. ऑलिव्ह आणि मोहरीचं तेल नको, त्यांनी थराची बांधणी ढिली होते. शेंगदाण्याचं तेल चिरलेल्या कातडीवर लावू नये, त्यातून शेंगदाण्याची अॅलर्जी लागू शकते. आणि कुठलंही तेल कोरड्या कातडीवर चोळून काही भिजत नाही, तेलात पाणी नसतं.

---

वऱ्हाडी ऊन

विषयाला धरूनच एक शंका. वय ५५, आधी कधी काही नव्हतं, गेल्या सहा महिन्यांत दोन्ही पायांवर असेच खवले. तोच इलाज?

---

पापुद्रा

नाही, आधी कारण शोधायचं. लहानपणी नव्हतं आणि पन्नाशीनंतर आलं तर ते वारशाने आलेलं नसतं. थायरॉइड मंद असणं, मूत्रपिंडाचा आजार, एचआयव्ही, सार्कॉइडोसिस (अवयवांत दाहाच्या बारीक गाठी होणारा आजार), आणि ज्यासाठी घाबरून नाही पण आठवणीने बघायचं ते लिम्फोमा (लसीका ग्रंथींचा कर्करोग), विशेषतः हॉजकिनचा. वजन उतरणं, रात्री घाम, मानेत-काखेत गाठी यांची विचारणा हवी. औषधांत निकोटिनिक आम्ल आणि कुष्ठरोगाच्या बहुविध औषधोपचारातलं क्लोफाझिमिन. क्लोफाझिमिनने कातडी तांबूस-काळी पडते आणि नडग्यांवर हुबेहूब इक्थिओसिससारखे खवले येतात. उपचार संपल्यावर काही महिन्यांत ओसरतात. ते पाहून गोळ्या मध्येच सोडायच्या नाहीत. कुष्ठरोगातही बधिर चट्ट्यावर घाम थांबून कातडी खवल्यांची होते, म्हणून खवल्यांखाली स्पर्श कळतो का ते कापसाच्या टोकाने बघून घ्या.

जाता जाता, काही वैद्य अशा कातडीला एककुष्ठ म्हणतात. घाम न येणारं, माशाच्या खवल्यांसारखं, असं त्याचं जुनं वर्णन आहे. तिथे कुष्ठ म्हणजे नुसता त्वचारोग. चिठ्ठीवर तो शब्द वाचून घरात रडारड झाल्याची उदाहरणं कमी नाहीत.

---

मांजराकाठ

मायक्रोअॅरे आणि स्लिट लॅम्प, दोन्ही लिहून घेतलं. दोन बारीक प्रश्न. बोअरच्या पाण्याचं काय करू? आरओच्या मशीनमधून जे पाणी बाहेर पडतं ते वाया जातं, त्याने आंघोळ घालू का? आणि एप्रिल-मेमध्ये तो लवकर लालबुंद होतो, डोकं दुखतं म्हणतो, त्याचा याच्याशी संबंध आहे?

---

खलबत्ता

आरओचं बाहेर पडणारं पाणी अजिबात नको. क्षार त्यात एकवटलेले असतात, ते बोअरपेक्षा जड आहे. फरशी पुसायला वापरा. उलट करा: बोअरचं पाणी उकळून, रात्रभर निवू देऊन, वरचं निथळून घ्या. उकळल्याने बायकार्बोनेटची जडता खाली बसते, पातेल्याच्या बुडाला पांढरा खर धरतो तो तोच. सगळी आंघोळ अशा पाण्याने शक्य नाही, पण शेवटचे दोन तांबे आणि भिजवायचा पंचा एवढ्यापुरतं पुरे. पावसाळ्यात पत्र्यावरचं पाणी धरता आलं तर त्याहून चांगलं. पहिल्या पावसाचं सोडून द्यायचं, धूळ असते.

नडगीवर फारच जाड असेल तर भिजवायच्या पाण्यात खायचा सोडा, लिटरला ३ ग्रॅम, १५ लिटरच्या बादलीला ४५. आठवड्यातून दोनदा, १० मिनिटं, मग साध्या पाण्याने धुऊन लगेच क्रीम. खायचाच सोडा, धुण्याचा नाही. कातडी लाल, खाजरी असेल तेव्हा नाही.

---

शृंगस्तर

उन्हाचा संबंध आहे. खवल्यांनी घामाची तोंडं बुजतात, घाम पुरेसा येत नाही, अंगातली उष्णता बाहेर पडत नाही. लातूरच्या मेमध्ये दुपारी १२ ते ४ मैदानावर नको. शाळेत शिक्षकांना लेखी सांगा, की हा मुलगा लाल झाला तर त्याला सावलीत बसवून बनियन ओलं करून घालायचं आणि पंख्याखाली ठेवायचं. सुती बनियन, दर अर्ध्या तासाने पुन्हा ओलं. दप्तरात पाण्याच्या बाटलीबरोबर फवारा मारायची एक रिकामी बाटली. दुपारच्या वेळी जाड पॅराफिन लावू नका, उरलासुरला घामही त्याखाली अडकतो. उन्हाळ्यात सकाळी पातळ लोशन, जाड मलम रात्री.

आणि कान. खवले कानाच्या नळीत साचून मळाबरोबर घट्ट बूच होतं, ऐकू कमी येतं आणि मूल "लक्ष देत नाही" असं वाटतं. पापुद्रा यांनी लिहिलेल्या अतिचंचलतेची शंका घेण्याआधी कान तपासून घ्या. काडी, पिन, कान कोरणी काही घालायचं नाही. कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे दर चार-सहा महिन्यांनी साफ करून घ्यायचे.